७७४ आणि त्यातली ती एक धाव

२०२५ मध्ये इंग्लंडमधल्या कसोटी मालिकेत शुभमन गिल ७५४ धावांवर थांबला आणि आमच्या ग्रुपवर हळहळ सुरू झाली. मी मात्र, खरं सांगायचं तर, मनातून सुखावलो. २०२४ मध्ये यशस्वी जयस्वाल ७१२ वर थांबला होता, तेव्हाही तेच. सुनील गावसकरांनी १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात केलेल्या ७७४ धावा, एका कसोटी मालिकेतला भारतीय फलंदाजाचा तो विक्रम, कुणी मोडूच नये असा माझा बालहट्ट आहे, म्हणा हवं तर.

गिलला पाच कसोटी मिळाल्या, दहा डाव मिळाले. गावसकर बोटाच्या दुखण्यामुळे किंग्स्टनची पहिली कसोटी खेळलेच नाहीत. उरलेल्या चार कसोटींत आठ डाव: ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०. बेरीज करून पाहा. तीनदा नाबाद, म्हणून सरासरी १५४.८०. तीही पदार्पणाच्या मालिकेत! शेवटच्या कसोटीत तर दाढ ठणकत होती.

मला त्यातली ब्रिजटाऊनची १ धाव फार आवडते. ती नसती तर हा आकडा खरा वाटला नसता.

पण या आकड्याच्या सावलीत दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा झाकल्या जातात, याचा मला राग येतो. किंग्स्टनला ५ बाद ७५ वरून त्यांनी सोलकरला घेऊन डाव उभारला, २१२ केल्या. पहिला दिवस पावसात गेल्याने फॉलोऑनला (म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा खेळायला लावायला) १५० ची आघाडी पुरेशी होती. आपली होती १७०. आपले कर्णधार वाडेकर यांनी वेस्ट इंडिजचे कर्णधार सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीला या म्हणून सांगितलं.