मान डोलावणारा नंदी: सांगाडा आणि यंत्रणा पूर्ण, अंग मढवणं बाकी

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी नंदी मिरवतात त्या विदर्भातल्या सणासाठी, चाकांवरचा नंदी बनवायला घेतला आहे. जमिनीपासून वशिंडापर्यंत अडीच फूट. दोरी ओढली की तो मान डोलावतो आणि शेपूट हलवतो. मोटर नाही, बॅटरी नाही. सगळी हालचाल चाकांतून येते. पोट्टं थांबलं की नंदी थांबतो, पळालं की नंदीही जोरात मुंडी हलवतो. बटणावर डोलणारा नंदी मखरात शोभतो, पण मिरवायला हाच हवा.

पहिला प्रश्न चाकाचा. लाकडी नंदीला सहसा लहान चाकं असतात, पण १५० मिमीचं चाक एका फेऱ्यात जेमतेम ४७ सेंटिमीटर जातं. लहान पोट्टं सेकंदाला पाऊण ते एक मीटर चालतं, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन डोल. मान शिलाई मशीनच्या सुईसारखी पळते. ३०० मिमीच्या चाकाला एक फेरा ९४ सेंटिमीटरचा होतो आणि सेकंदाला एखादाच डोल येतो. ती खरी बैलाची चाल. चाकं १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायची घ्या, साधा प्लाय पहिल्याच पावसात उकलतो. धावेवर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवून वर खिळे मारलेत; ओल्या काळ्या मातीत नुसतं लाकूड घसरतं आणि चाक न फिरता नंदी फरफटत जातो.

फ्रेम २० × २० मिमी, १६ गेज (१.६ मिमी जाडीच्या) चौकोनी पाइपची, ६०० × ३०० मिमी. आधी चारही कोपऱ्यांत वेल्डिंगचे छोटे टाके मारायचे, मग कर्ण मोजायचे. दोन्ही ६७१ मिमी आले की पुढचं वेल्डिंग. २.५ मिमीचा रॉड ६० ते ६५ अँपिअरवर ठेवला. त्यापुढे गेलं की एवढ्या पातळ पाइपला भोक पडतं. गावात व्होल्टेज पडलं की रॉड चिकटायला लागतो. तेव्हा अँपिअर वाढवत बसण्यापेक्षा काम थांबवलेलं बरं, कारण व्होल्टेज परत येताच पाइप जळतो.

पुढच्या पायांखाली एकच आस, २० मिमी ब्राइट बारचा (गुळगुळीत, मापात गोल सळईचा), दोन यूसीपी २०४ पिलो ब्लॉकमध्ये (बोल्टने बसणाऱ्या बेअरिंगच्या घरांत). साधी काळी सळई घेऊ नका. ती पुरती गोल नसते, वर पापुद्रा असतो, बेअरिंगमध्ये जात नाही. मागे ट्रॉलीचं एक फिरतं चाक. आसावर एकच मोठं चाक पिनने पक्कं केलंय, दुसरं वॉशर आणि कॉटर पिन लावून मोकळं सोडलंय. दोन्ही पक्की केली तर वळताना आतलं चाक घासतं आणि नंदी सरळच जाऊ पाहतो.

आता मान. आसावर ६ मिमी प्लेटची ८० मिमी व्यासाची चकती आहे, तिचं भोक मध्यापासून १५ मिमी सरकवलेलं. चकती फिरली की तिच्यावर टेकलेला दांडा याच्या दुप्पट, म्हणजे ३० मिमी वर-खाली होतो. मान ज्या पिनवर डोलते त्या खिळीच्या पुढे ६० मिमीवर दांडा मानेला उचलतो. त्यातून मान साधारण २९ अंश फिरते आणि खिळीपासून २०० मिमीवरचं नाक चार इंच वर-खाली होतं. दांडा खिळीच्या मागे लावायचा मोह होतो, कारण तिथे जागा जास्त असते. पण मग डोक्याचं वजन दांड्याला चकतीवरून उचलतं आणि स्प्रिंग लावावी लागते. पुढे लावला की तेच वजन दांडा चकतीवर दाबून धरतं.

दांडा गोल सळईचा असला तर चालता चालता स्वतःभोवती फिरतो, चकतीवर फिरणारं टोकाचं ६०८ बेअरिंग (छोटं चाकासारखं) आडवं होतं आणि चकतीवरून उतरतं. म्हणून १२ मिमी चौकोनी सळई, आणि तिला वर-खाली सरकायला १६ मिमी चौकोनी पाइपची वाट. १६ गेजच्या पाइपची आतली जागा १२.८ मिमी भरते, पण आत पाइपच्या जोडाचा उंचवटा असतो. तो लांब कानशीने काढल्याशिवाय सळई मध्येच अडते. डोकं शिवण झाडाच्या लाकडाचं कोरलंय. सागवानापेक्षा ते हलकं, आणि दांड्यावर भार कमी.

शेपटाची यंत्रणा या कामातला सगळ्यात लाडका भाग! त्याच आसावर १०० मिमीची ५ मिमी जाड चकती १५ अंश कलती वेल्ड केली. फिरताना तिची कड डावी-उजवीकडे १३-१३ मिमी झुलते. कडेला दोन बोटांचा काटा धरला, काटा पाठीतल्या लांब १० मिमी सळईला जोडला, सळईच्या मागच्या टोकाला शेपूट. कलत्या चकतीचं भोक गोल ठेवून भागत नाही. कानशीने ते थोडं लांबट करावं लागतं. काट्याच्या बोटांत ९ मिमी अंतर ठेवा. नेमकं ५ ठेवलं तर अर्ध्या फेऱ्यात जाम होतं. शेपूट सायकलच्या ब्रेक वायरचं, टोकाला सुतळीचा गोंडा. वायर लवचीक असल्याने गोंडा थोडा उशिरा वळतो, आणि माशी हाकलल्याचा भास होतो.

शिंगं काळ्या अर्ध्या इंची पाइपची करायची आहेत. जीआय (जस्त चढवलेला) पाइप तापवला की जस्ताचा विषारी धूर निघतो, तो नकोच. वाकवताना पाइप चेपू नये म्हणून वाळू भरतात. ती आधी भाजून कोरडी करा, कारण ओल्या वाळूची वाफ पाइपच्या टोकाला ठोकलेलं बुच उडवते. कानांसाठी वखराची झिजलेली पास (माती कापणारं लोखंडी पातं) कापून ठेवलीय. वेल्ड केल्यावर ती पाण्यात बुडवायची नाही, जोडाशेजारी तडकते. अंगाला तेलाच्या पिप्याचा पत्रा, पॉप रिव्हेटने. कडा दुमडूनच, नाहीतर पोट्ट्यांचे हात कापतील.

चकती आणि काट्याभोवती जाळीचं झाकण रंगाच्या आधी बसवायचं आहे, कारण लहान बोटं नेमकी हलत्या भागाकडेच जातात. झूल आसापासून किमान तीन इंच वर ठेवणार. खाली लोंबली की झालर आसाला गुंडाळते आणि मान वर अडकून राहते.