शिवणीचा करंडा आणि बिडाची धूळ

सागवान किंवा शिसव कातणाऱ्याला फिक्या लाकडाची धास्ती कळत नाही. सागवानावर जरा मळ बसला, घासकागदाची काळपट झाक आली, तरी पॉलिशखाली सगळं खपून जातं. फिक्या लाकडावर काहीच खपत नाही. मामेबहिणीच्या रुखवतात ठेवायला कुंकवाचा करंडा करून देतो म्हटलं, तेव्हा मामीच्या डोळ्यांसमोर सावंतवाडीचा लाखेचा रंगीत करंडा होता. नवरीला मात्र लाकूड दिसायला हवं होतं, आणि तेही पांढरं. बरीच घासाघीस होऊन शिवणीच्या झाडाचं लाकूड ठरलं.

शिवणीचं लाकूड पिवळसर पांढरं, वजनाला हलकं, कातायला मऊ. मुख्य म्हणजे वाळल्यावर ते फारसं फुगत-आकसत नाही. झाकणाच्या वस्तूला हे फार महत्त्वाचं, कारण कोल्हापूरच्या पावसात फुगून बसलेलं झाकण काढायला पक्कड लागते. तोटा एकच: छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी असतात आणि मिळेल ते पोटात घेतात. वखारीत घेताना ओंडक्याची तोंडं नीट बघावीत. ओलं लाकूड पावसात पडून राहिलं की निळसर बुरशी धरते, ती आतवर जाते आणि कितीही घासली तरी निघत नाही.

माझा लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, शिवाजी उद्यमनगरात, मामाच्या शेडच्या कोपऱ्यात आहे. बाकीच्या शेडमध्ये बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचं मशीनिंग चालतं. करड्या बिडात ग्रॅफाईट असतं, त्यामुळे त्याची धूळ काजळीसारखी हाताला चिकटते. ती सगळीकडे असते: लेथच्या बेडवर, लाकूड पकडणाऱ्या चकच्या फटीत, खुंटीला टांगलेल्या फडक्यात, खिडकीच्या गजांवरसुद्धा. करंड्याला बाहेरून 120 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) लावला आणि लाकूड उजळायच्या ऐवजी राखाडी व्हायला लागलं. शेडमधले जुने मिस्त्री येऊन बघून गेले. "लाकडाला काय न्हाई झालं लगा. आधी लेथ पूस, मग हात धू, मग ये."

तेच केलं. रविवारी, शेजारची मशीनं बंद असताना काम घ्यायचं ठरवलं. लेथ थिनरने पुसला, चकवर ब्रश फिरवला, फडकी घरून धुतलेली आणली. पटाशीला धार लावून एक अगदी हलका हात मारला, मळलेला थर निघून गेला. एरवीही हा शेवटचा हात नीट मारला तर घासायचं काम निम्म्यावर येतं. आडव्या तंतूंवर बोथट पटाशी फिरली की तंतू उपटले जातात, आणि ते खड्डे कागदाने भरून काढायचे म्हणजे संध्याकाळ गेली.

मग कागद. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात बारीक नंबर मागितला की बहुतेक वेळा काळा वॉटर पेपर हातात पडतो. तो सिलिकॉन कार्बाईडचा, गाड्यांच्या रंगकामासाठी उत्तम. फिक्या लाकडावर त्याचे काळे कण सुटून छिद्रांत बसतात, आणि नंतर पॉलिश लावलं की लाकडात मिरी कुटून टाकल्यागत दिसतं. लक्ष्मीपुरीत शोधून ॲल्युमिनियम ऑक्साईडचा, पांढऱ्या लेपाचा कागद आणला. 120, 180, 240, 320, 400 असा चढत गेलो. मधला नंबर गाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण 120 चे ओरखडे 320 ने निघत नाहीत, नुसते चकचकीत होतात.

लेथवर घासताना ओरखडे गोल फिरतात, म्हणजे तंतूंच्या आडवे पडतात. म्हणून प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून त्याच कागदाने तंतूंच्या दिशेने, हाताने चार-पाचदा ओढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण गोल रेघा जातात त्या यानेच. फिक्या लाकडावर या रेघा कोरड्या असताना दिसतच नाहीत. तुम्ही समाधानाने बिडी ओढायला जाता आणि पॉलिशचा पहिला हात लागला की त्या उठून येतात. यावर उपाय स्वस्त आहे: टिशूचा बोळा स्पिरीटमध्ये भिजवून लाकडावरून फिरवायचा आणि टेबललॅम्प बाजूला आडवा धरायचा. ओलं असेपर्यंत सगळं दिसतं, स्पिरीट उडून गेलं की पुढे घासायला मोकळे.

वेग कातताना असतो त्याच्या निम्म्यावर आणायचा. कागदाची तिहेरी घडी करून बोटांत धरली की गरम किती होतंय ते बोटांनाच कळतं. बोट भाजलं म्हणजे लाकूडही भाजतंय. शिवणीवर तिथे तपकिरी झाक येते आणि तळाशी बारीक भेगा पडू शकतात. घासायच्या आधी टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायचा आधार, काढून बाजूला ठेवायचा, बाह्या दुमडायच्या, नाकाला मास्क. फिरत्या लाकडाला कापड कधीच लावायचं नाही, ते गुंडाळलं की बोट घेऊन जातं. टिशू फाटतो, म्हणून टिशूच बरा.

धूळ झटकायला शेडमध्ये कॉम्प्रेसरची गन हाताशी असते. ती मी वापरली नाही. त्या हवेतून तेलाचा बारीक फवारा येतो आणि जिथे तेल पडलं तिथे पॉलिश फाकतं, माशाच्या डोळ्यासारखे गोल उठतात. रंगाचा नवा ब्रश पुरतो.

आता पॉलिश. बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावलं की शिवण छान दिसते, पण वर्षभरात पिवळी पडत जाते. चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, पहिल्या हातालाच नारिंगी झाक देते, आणि श्रावणातल्या दमट हवेत पांढुरकी पडते ती वेगळीच. शिवाय आत कुंकू. हळदीला चुन्यासारखा क्षार लावला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू असंच करतात, आणि चपडीला क्षार सोसत नाही. म्हणून पाण्यावरचं ॲक्रिलिक लॅकर घेतलं, जे रंग बदलत नाही.

पाण्यावरच्या पॉलिशची एक खोड असते, पाणी लागलं की तंतू उभे राहतात. ते आधीच उभे करून घ्यावेत. ओल्या फडक्याने करंडा पुसला, रात्रभर वाळू दिला, 400 ने हलकेच पुसल्यागत घासला, मग पहिला हात. दोन हातांच्या मध्ये घासायला स्टील वूल (बारीक लोखंडी तारांचा बोळा) घ्यायचं नाही, पुस्तकात लिहिलेलं असलं तरी. एका टाकाऊ तुकड्यावर मुद्दाम स्टील वूल घासून वर हेच लॅकर लावून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर गंजाचे बारीक ठिपके होते. लॅकरच्या आत अडकलेला गंज काढायचा म्हणजे सगळं परत 120 पासून. उघड्या लाकडावरच्या लोखंडी डागाला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी चालतं, पण ते विषारी. हातमोजे घालायचे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. मी पांढरं नायलॉन पॅड वापरलं.

झाकणाचं गणित शेवटी. कागद लाकूड खातो आणि लॅकर थर चढवतं, त्यामुळे कातताना नेमकं बसलेलं झाकण शेवटी नेमकं राहत नाही. मी ओठ, म्हणजे झाकण जिथे बसतं ती कड, थोडा जाड ठेवला आणि सगळं वाळल्यावर 400 ने घासत घासत बसवला. करंडा उलटा धरला तर झाकण पडू नये, पण बायकांना एका हाताने उघडता यावं, एवढी ढील. मामीने उघडून-मिटून बघितलं, काही बोलली नाही, आणि आत चांदीची छोटी वाटी बसते का ते पाहिलं. बसली. कुंकू त्या वाटीत राहणार होतं, म्हणजे आतून चढवलेले तीन हात कुणी बघणारसुद्धा नव्हतं.