तुम्ही विचारलंत म्हणून: बक्षिसाच्या तोंडाशी येऊन बाद का होतो?

"दोन-अडीच तास मस्त चाललेलं असतं, चिप्स सरासरीच्या वर असतात, आणि बक्षिसं सुरू व्हायच्या जरा आधी मी बाहेर. असं का होतं?" पोकर खेळणारं कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच. नौपाड्यात आमचा शनिवारचा अड्डा जमतो, तिथे नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. उभ्या-उभ्या सांगून ते पटत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी एक गोष्ट. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं आपल्याकडे थांबलं. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, याने त्या कायद्यात फरक पडत नाही. आम्ही ऑनलाइन खेळतो ते फुकटच्या चिप्सवर, आणि शनिवारी घरी खेळतो ते गुणांसाठी: पहिल्याला 50, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20. गणित तेच राहतं, आणि मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं ते गणितच.

अनेक टेबलांच्या स्पर्धेत हजार माणसं असली तरी तुमच्यासमोर सात-आठच बसलेली असतात. माणसं गळतात, टेबलं मोडतात, शेवटी एकच उरतं. सुरुवातीच्या तासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ब्लाइंड, म्हणजे दर डावात पत्ते बघायच्या आधी दोघांना पाळीपाळीने लावावी लागणारी छोटी आणि मोठी सक्तीची रक्कम, तेव्हा लहान असतात. चांगल्या पत्त्यांवर खेळा, बाकीचे टाका, आणि कोण कशावर रेज करतंय, म्हणजे बोली वाढवतंय, ते बघत राहा. टेबल बदललं की ही ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

खरी सवय लावायची ती आपल्या चिप्स बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या पटीत, मोजायची. 20,000 चिप्स म्हणजे किती? ब्लाइंड 100-200 असताना ते 100 बिग ब्लाइंड, म्हणजे ऐसपैस. ब्लाइंड 1,000-2,000 झाले की तेच 10. आता आठ जणांचं टेबल आणि प्रत्येकाचा 250 अँटी, म्हणजे दर डावाला सगळ्यांनी भरायची रक्कम, धरा. पत्ते वाटले जाताच मध्ये 5,000 पडलेले असतात, आणि एक पूर्ण फेरी नुसतं बसून राहिलात तर तुमच्याही 5,000 जातात. चार फेऱ्यांत खेळ खलास. उलट एकदा ऑल-इन केलंत, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सरकवल्यात, आणि सगळ्यांनी पत्ते टाकले, तर 20,000 चे 25,000 होतात, तेही पत्ते न दाखवता. म्हणून 10 ब्लाइंड उरले की मोठ्या जोडीची वाट बघत बसायचं नाही. डीलरच्या किंवा त्याच्या आधीच्या जागेवर असाल आणि आधीच्या सगळ्यांनी टाकलं असेल, तर एक्का-नव्वीवर सगळं पुढे सरकवा.

पण समोरच्याने सगळं सरकवलं आणि तुमच्याकडे एक्का-नव्वी असली, तर बहुतेक वेळा ती टाकायची. सरकवणारा दोन तऱ्हांनी जिंकतो: सगळे घाबरून सोडतात, किंवा शेवटी त्याचे पत्ते वरचढ ठरतात. कॉल करणाऱ्याला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून सामना स्वीकारणाऱ्याला, ही दुसरी वाट तेवढी उरते. बक्षिसांच्या जवळ, ज्याला आपण बबल म्हणतो तिथे, हा फरक फार मोठा होतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

आमच्या शनिवारच्या गुणांवरच दाखवते. तिघं उरलेत, तिघांकडे सारख्या चिप्स. प्रत्येकाचा वाटा सरासरी 33.3 गुण. दोघं एकमेकांवर ऑल-इन गेले. जो जिंकला त्याच्याकडे दोन तृतीयांश चिप्स आल्या; आता तो दोन तृतीयांश वेळा पहिला (50) आणि उरलेल्या वेळा दुसरा (30) येणार, म्हणून त्याचा वाटा झाला 43.3. हरलेला 20 घेऊन उठला. म्हणजे चिप्स दुप्पट झाल्या तरी मिळाले 10 गुण, आणि हरला असता तर गेले असते 13.3. ब्लाइंड बाजूला ठेवले, तर असा कॉल परवडायला 57 टक्क्यांहून जास्त वेळा जिंकायला हवं. अठ्ठ्यांची जोडी एक्का-राजापुढे साधारण 55 टक्के वेळा जिंकते. नीट बघा, जोडीवाला वरचढ असूनही तोट्यात आहे! आणि तिसरा, ज्याने पत्ते टाकून नुसतं बघितलं, त्याचा वाटा 33.3 वरून 36.7 वर गेला. दोघांनी घालवलेलं त्याच्या पदरात पडलं.

म्हणून "फिफ्टी-फिफ्टी होतं, घेतला चान्स" हे वाक्य मला बबलवर ऐकवत नाही. पहिल्या तासात तो चान्स जवळपास बरोबरीचा असतो. बबलवर तो महाग पडतो, आणि सर्वात महाग पडतो तो मधल्या चिप्सवाल्याला, म्हणजे बहुधा तुम्हालाच. ज्याच्याकडे ढीग आहे तो हे ओळखून असतो. तुम्ही टाकणार या भरवशावरच तो दर डावाला रेज करत असतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. तुमच्याहून कमी चिप्स असलेल्यांवर तुम्हीही तोच दबाव टाका.

याचं टोक बघायचं असेल तर सॅटेलाइट बघा, जिथे बक्षीस म्हणून पुढच्या मोठ्या स्पर्धेतली जागा मिळते. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर अशाच एका ऑनलाइन सॅटेलाइटमधून लास व्हेगासमधल्या 'वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. सॅटेलाइटमध्ये सगळ्या जागा सारख्या किमतीच्या असतात. पहिला आणि दहावा सारखेच. दहा जागा आहेत, अकरा जण उरलेत, दोघांकडे एकेकच ब्लाइंड शिल्लक आहे आणि तुमच्याकडे भरपूर. सगळ्यात मोठ्या ढिगाच्या मालकाने ऑल-इन केलं आणि तुमच्या हातात दोन एक्के आले. टाका. जिंकून जास्त काही मिळणार नाही, हरलात तर हातात आलेली जागा जाईल.

साध्या स्पर्धेत एक्के टाकायची वेळ येत नाही, पण बघायचं तेच असतं. कॉलच्या बटणाकडे हात जायच्या आधी लॉबी, म्हणजे स्पर्धेतल्या सगळ्यांच्या चिप्सची यादी, उघडा, आपण कितव्या नंबरवर आहोत आणि आपल्या खाली पाचपेक्षा कमी ब्लाइंड उरलेले किती जण आहेत ते मोजा. चार-पाच जण असतील तर एक्का-गुलामसुद्धा सोडा. कुणीच नसेल आणि तुम्हीच तळाला असाल, तर कॉलची वाट न बघता आधी तुम्हीच सरकवा.