शेऱ्याचा रकाना

आमच्या चर्चच्या मंडळीत बायबल अभ्यासगटाचा प्रमुख होण्यासाठी जे सहा वर्ग घेतले गेले, त्यांतले मला आज फारसे आठवत नाही. मात्र अर्जाच्या शेवटच्या पानावरच्या ‘मार्गदर्शकाचा शेरा’ या रकान्याने माझे चार महिने खाल्ले आणि त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

नियम असा की नव्या माणसाने मार्गदर्शकासमोर तीन बैठका घ्यायच्या आणि चांगल्या वठल्या तरच सही मिळायची. पहिल्या बैठकीसाठी मी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला 8:27-30 (अध्याय 8, ओवी 27 ते 30) हा भाग निवडला. येशू आधी ‘लोक मला कोण म्हणतात’ असे विचारतो आणि मगच ‘तुम्ही काय म्हणता’ याकडे वळतो, म्हणजे सोप्या प्रश्नावरून अवघड प्रश्नाकडे नेतो, हे मी गटाला फार छान समजावून सांगितले. सगळे गेल्यावर मार्गदर्शकांनी आपली वही माझ्यापुढे सरकवली. साठ मिनिटांपैकी एकेचाळीस मिनिटे मी बोललो होतो आणि विचारलेल्या सात प्रश्नांपैकी पाचांची उत्तरे मीच देऊन टाकली होती. सही झाली नाही.

दुसऱ्या बैठकीसाठी त्यांना सहा आठवडे वेळ मिळाला नाही. मी तीनदा विचारून पाहिले. अखेर ती झाली तेव्हा प्रश्न विचारल्यावर मनात वीसपर्यंत मोजायचे असे ठरवले होते, पण नऊवरच धीर सुटला. भाग होता मार्क 9:33-37, ज्यात वाटेत कसला वाद चालला होता असे विचारताच शिष्यच गप्प बसतात! मार्गदर्शक नंतर एवढेच म्हणाले, “येशूने हे वाटेत विचारले नाही, कफर्णहूमला घरात आल्यावर विचारले.” चूक चारचौघांत दाखवायची नसते, हे ते सांगत होते, आणि माझ्या चुकांची ती वहीसुद्धा त्यांनी गटासमोर कधीच उघडली नव्हती, हे मला घरी पोहोचल्यावर उमगले. तरीही सहा आठवड्यांचे समर्थन मी करणार नाही.

सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते आता आठवले: एकट्याने गट घेऊ नये. मार्क 6:7 मध्ये येशूने बारा शिष्यांना दोघे-दोघे पाठवले आहे, आणि परतल्यावर ते केलेले व शिकवलेले सारे येऊन सांगतात (6:30). बैठकीनंतरची पंधरा मिनिटे जोडीदारासाठी राखून ठेवावीत. मी ती तिसऱ्या बैठकीपासून ठेवू लागलो.

तिसऱ्या बैठकीत आंधळा बार्तीमय होता, मार्क 10:46-52. आंधळ्याला काय हवे हे उघड असताना येशू त्याला ‘तुझ्यासाठी मी काय करावे’ असे का विचारतो, एवढेच मी विचारले आणि मोजू लागलो. सतराव्या आकड्याला, एरवी कधीच न बोलणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “तो भिकारी होता ना? भीक हवी की दृष्टी, हे त्याच्याच तोंडून यायला नको?” दुसऱ्याला ते पटले नाही आणि गट आपापसांत बोलू लागला. मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसलो होतो. त्या दिवशी वहीत माझ्या नावापुढे चौदा मिनिटे पडली.

सही मिळाली, पण ‘शिकवलेले मुद्दे’ हा रकाना मी रिकामा ठेवला म्हणून कार्यालयाने अर्ज परत पाठवला. मी तिथे ‘एक प्रश्न’ असे लिहिले, तेही चालले नाही. शेवटी ‘मार्क 10:46-52’ लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज मंजूर झाला.