दूध तुटलेलं लेकरू

लेकीचं दूध तोडलं त्या आठवड्यात मला बायबलातलं एकशे एकतिसावं स्तोत्र कळलं. तोवर ते शंभरदा तरी वाचलं असेल. लहानपणी आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी कुटुंबप्रार्थना असायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्तोत्रसंहिता क्रमाने वाचायचे. दीडशे संपली की पुन्हा पहिल्यापासून. एकशे एकोणिसावं १७६ वचनांचं, ते चार-पाच दिवस चालायचं आणि आम्ही भावंडं पेंगत बसायचो. एकशे एकतिसावं मात्र आमचं लाडकं, कारण त्यात तीनच वचनं. आमेन म्हणायचं की लगेच भाकरी.

अण्णा शेवगावकडचे शेतकरी. मे २०२२ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. एकोणीस दिवस ते दवाखान्यात होते आणि एकोणीस दिवस आम्ही सगळे गुडघ्यावर होतो. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साखळी प्रार्थना लावली होती, रात्री दोनची पाळी माझी. विसाव्या दिवशी पहाटे ते गेले. दफनाच्या दिवशी एकजण मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, कुठंतरी विश्वास कमी पडला." तो माणूस वाईट नव्हता. पण ते वाक्य काट्यासारखं रुतलं आणि पुढे दीड वर्ष मी रविवारी उपासनेला जायची, गायची, पण प्रार्थनेला डोळे मिटले की आत काहीच हलायचं नाही.

त्या दीड वर्षात मला स्तोत्रंच धरून राहिली. तेरावं स्तोत्र घ्या. पहिल्या दोन वचनांत चारदा "कोठवर?" विचारलंय. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून कडू. इतर बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द आहे "अंधार", आणि तिथेच ते थांबतं. हिब्रूत या संग्रहाचं नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तवनं, आणि तरी त्यात विलाप भरून राहिलेत. ज्यांनी हे स्तवनांत मोजलं त्यांनी ते लिहिणाऱ्या माणसाला "तुझा विश्वास कमी पडला" असं म्हटलं नाही. त्याचं रडणं जसंच्या तसं लिहून ठेवलं आणि मंदिरात गायला दिलं.

हिब्रूची अक्षरं मी त्याच काळात शिकले. आमच्या मंडळीतले एक निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, बुधवारी संध्याकाळी चार-पाच जणांना शिकवायचे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी पाटी हातात घ्यायला लाज वाटत होती. मग पंडिता रमाबाईंची आठवण काढायची. त्यांनी केडगावला मुक्तिसदनाचा, निराधार बायकामुलींच्या आश्रमाचा, एवढा पसारा सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. मला तर एक स्तोत्र वाचता आलं तरी पुरे होतं.

आता दुधाचं. लेक सव्वादोन वर्षांची झाली तरी रात्री तीन-तीनदा उठायची. माझी आई गावाहून आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं तोड आता. तुझ्या अंगात काही राहिलं नाही." तिने कडुलिंबाचा पाला वाटून दिला. लावला. लेकीने तोंड लावलं, थू-थू केलं आणि माझ्याकडे अशी बघितली की मी तिला फसवलंय. खरंच फसवलं होतं. पहिल्या रात्री ती दीड तास रडली. माझा गाऊन ओढत होती, छातीवर डोकं आपटत होती, मध्येच "आई दे ना" असं अगदी समजुतीनं म्हणत होती. ते सगळ्यात वाईट. माझा पान्हा फुटत होता आणि मी देत नव्हते. दुसऱ्या रात्री पाऊण तास. तिसऱ्या रात्री तिने आजीकडे जायचं ठरवलं, माझ्याकडे बघायलाही तयार नाही.

पाचव्या की सहाव्या रात्री ती आपणहून आली. मांडीवर चढली, गळ्याखाली डोकं टेकवलं आणि तशीच राहिली. काही मागितलं नाही. मी अवघडून बसलेले, आता गाऊन ओढेल मग ओढेल. तिने एक बोट माझ्या मंगळसूत्राच्या मण्यांत अडकवलं आणि श्वास संथ झाला. अंगावर पिणारं मूल आईच्या कुशीत असं सहसा पडत नाही, ते सारखं तोंडाने शोधत असतं. हिला आता दूध नको होतं, मी हवी होते.

आणि मला ते दुसरं वचन आठवलं. दूध तुटलेलं लेकरू आपल्या आईपाशी असतं तसा माझा जीव माझ्यापाशी आहे, असं काहीसं ते आहे. लहानपणापासून मला वाटायचं की हे झोपलेलं तान्हं बाळ आहे, पाळण्यातलं. ते तान्हं नाहीच. त्या काळी मुलं दोन-तीन वर्षांची होईस्तोवर अंगावर पीत. बायबलातच आहे, इसहाकाचं दूध तुटलं तेव्हा त्याच्या बापाने, अब्राहामाने, मोठी मेजवानी दिली. हन्नाने आपल्या शमुवेलाचं दूध तुटेपर्यंत त्याला घरी ठेवलं, मग शिलोला देवाच्या मंदिरात नेऊन सोडलं. म्हणजे हे चालणारं, बोलणारं, "दे ना" म्हणणारं लेकरू आहे. त्याची शांतता रडून झाल्यावरची आहे.

बुधवारी मी पाळकसाहेबांपुढे तेच वचन काढलं. त्यात जीवाला शब्द आहे "नेफेश". त्याचा अर्थ जीव, आणि गळाही. एकोणसत्तराव्या स्तोत्रात पाणी गळ्याशी आलंय ना, तिथेही नेफेशच. मला लेकीचा रडून बसलेला घसा आठवला. वचनाची सुरुवात हिब्रूत शपथेची आहे, अर्धवट सोडलेली: "मी असं केलं नसेल तर..." आपण मराठीतही शपथ घेताना पुढचं गिळतो. काही मराठी भाषांतरांत तिथे "खरोखर" येतं, ते बरोबरच आहे, पण शपथ घ्यावी लागली म्हणजे हे सोपं गेलेलं नाही.

मग पुढचा शब्द, "शिव्वीती". मी सपाट केलं. पाळकसाहेब म्हणाले, "हेच क्रियापद बायबलात यशयाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात बघ." तिथे शेतकरी नांगरून झाल्यावर रान सारखं करतो आणि मग जिरं वगैरे पेरतो, त्या सारखं करण्याला हाच शब्द आहे. मी तिथे वर्गात रडले. अण्णा नांगरट झाली की ढेकळं फोडायला बैलांमागे फळी जुंपायचे, आणि फळीला वजन हवं म्हणून आम्हा भावंडांना तिच्यावर बसवायचे. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरायचा, नाकातोंडात माती, खालून ढेकूळ फुटल्याचा प्रत्येक हिसका माकडहाडात. मागे वळून बघितलं की रान मऊ, एकसारखं. जीव शांत करणं म्हणजे मला वाटायचं डोळे मिटून बसणं. इथे कुणीतरी ढेकळं फोडतंय.

पहिल्या वचनात "माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी शिरत नाही" असं आहे. हे मी आधी विनयाचं बोलणं समजायचे. आता मला तिथे माझा प्रश्न दिसतो, अण्णा का गेले हा. त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मी ते आता रोज रात्री दोनला उठून मागत नाही, इतकंच. आणि मागत होते तेव्हाही देवबाप मला दूर लोटत नव्हता, असं मला वाटतं, कारण त्या पहिल्या रात्री मीही लेकीला दूर लोटत नव्हते. तिला घट्ट धरूनच "नाही" म्हणत होते.

स्तोत्राच्या मथळ्यावर दावीद राजाचं नाव आहे. पण त्या दुसऱ्या वचनाच्या शेवटी "माझ्यावर" असा शब्द येतो, आणि काही अभ्यासकांना इथे बाईचाच आवाज ऐकू येतो, खांद्यावर लेकरू घेतलेल्या. पटतं मला. एकशे वीस ते एकशे चौतीस ही पंधरा आरोहणस्तोत्रं, यरुशलेमेला सणाला चढून जाणाऱ्यांनी गायलेली असं मानतात. खालच्या यरीहो गावाकडून येणाऱ्याला समुद्रसपाटीच्याही खालून निघून डोंगर चढायचा. नगरातून निवृत्तिनाथांची पालखी जाते तेव्हा खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन चालणाऱ्या बाया मी लहानपणापासून बघितल्यात. तसं कुणी ते चढण चढत असेल, आणि खांद्यावरचं पोर प्यायला मागायचं थांबलं असेल.

तिसरं वचन मला पूर्वी मागून चिकटवल्यासारखं वाटायचं. एका जीवाबद्दल इतकं जवळून बोलणं चाललेलं असताना एकदम "हे इस्राएला, परमेश्वराची आशा धर." त्याचं उत्तर मला यंदाच्या मे महिन्यात रानात मिळालं असावं. अण्णांच्या स्मरणदिनाला आम्ही गावी गेलो होतो. भावाने ट्रॅक्टरने रान तयार करून घेतलेलं, पावसाची वाट. लेक ढेकळं शोधून पायाने फोडत होती. आई बांधावर बसली होती. तीही त्या एकोणीस दिवसांनंतर मोठ्याने प्रार्थना करत नाही. मला म्हणाली, "तू ते शिकतीयेस ना, वाच काहीतरी."

मी आधी हिब्रूत वाचलं, अडखळत. मग मराठीत. फळीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं.

"एवढंच?" आई म्हणाली.

"तीनच वचनं आहेत गं."

तिने पदराने तोंड पुसलं, रानाकडे बघत राहिली.

"परत वाच," म्हणाली.