पोटावर न टेकवलेला स्टेथोस्कोप

किडनीचं काम मंदावलं की रक्तात चढणारं क्रिएटिनिन १.४ वरून थेट ३.२, तेही आठच दिवसांत. मी लिहून दिलेली रॅमिप्रिलची पट्टी टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ही गोळी बीपीची की किडनी घालवायची?"

वय ३६. पहिल्या भेटीत बीपी २१०/१२४, पोटॅशियम ३.०, लघवीतून प्रथिनं जाताहेत, ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला, डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके. सगळीकडे अँजिओटेन्सिन-२ च्या खुणा. अवघ्या आठ अमिनो आम्लांचा हा हार्मोन. रक्तवाहिन्या आवळतो, अल्डोस्टेरॉनकरवी मीठ धरून ठेवतो आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतो. वर्षानुवर्षं चढा राहिला तर हृदयात नि किडनीत चिवट तंतू भरतो, बीपीच्या हानीखेरीज ही वेगळीच. तो अडवायचा म्हणून मी रॅमिप्रिल दिली. पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर.

पण किडनीची धमनीच अरुंद असली तर हाच हार्मोन तिला तगवून धरतो. गाळणीतून बाहेर पडणारी बारीक रक्तवाहिनी आवळून तो आतला दाब टिकवतो. हार्मोन अडवला की ती सैल पडते आणि गाळणं मंदावतं. अमेरिकी संशोधक गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या किडनीच्या धमन्यांना चिमटे लावून बीपी चढवून दाखवलं होतं. परीक्षेत मी हे पानभर लिहिलं होतं.

गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि त्यांना टेबलावर झोपवलं. बेंबीच्या वर, जरा उजवीकडे स्टेथोस्कोप टेकवला, श्वास रोखायला सांगितलं. प्रत्येक ठोक्यासरशी हलकी फुसफुस, अरुंद धमनीतून रक्त घुसतानाची. अर्ध्या मिनिटाचं काम. आधीच्या दोन दवाखान्यांच्या फायलींत याचा उल्लेख नाही, तिसऱ्या फायलीतही नाही. तिसरी माझी.

सोनोग्राफीचा रिपोर्टही मी शेवटची ओळ वाचून मिटला होता. शेवटी "इतर तपासण्यांशी ताडून पाहावे" हे ठरलेलं वाक्य, म्हणजे जबाबदारी पुढच्याच्या गळ्यात. वर मधेच कुठेतरी लिहिलं होतं : उजवी किडनी ११ सेंमी, डावी ७.८. म्हणजे काम एकटी उजवी करत होती, आणि मी तिचाच आधार काढून घेतला.

अँजिओग्राफीत उजवी धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसली, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया, म्हणजे धमनीच्या भिंतीचीच वाढ बिघडलेली. फुग्यानं ती रुंद केली. महिन्याभरात क्रिएटिनिन १.३, आणि एका अ‍ॅम्लोडिपिनवर बीपी १३६/८४.

परवा त्या येऊन गेल्या. "डावी तुमच्या गोळीनं गेली का?" नाही म्हटलं. आठ दिवसांत किडनी एवढी आकसत नाही. "मग केव्हा गेली?"

पिशवीतून त्यांनी जुना रिपोर्ट काढला, दोन वर्षांपूर्वीचा. त्यात डावी ९.६ होती.