शाफ्ट तुटला, आणि तोही खांद्यातच

मागच्या नोंदीत ज्या काउंटरशाफ्टचा (पुढे फेरे पोचवणारा मधला शाफ्ट) रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.०२ मिमीवर आला म्हणून मी इतका खूश होतो, तो काल तुटला. जेमतेम ६० तास चालला. ३०० आरपीएमने म्हणजे साधारण १० लाख ८० हजार फेरे.

तुकडे उजेडात धरले. एका कडेपासून सुरू झालेल्या गुळगुळीत कमानी, एकात एक, आणि पलीकडे खरबरीत दाण्यांचा छोटासा ठिपका. फटिगच, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा बसून हळूहळू चिरत जाणं. शेवटी तुटलेला भाग एवढा लहान, म्हणजे सरासरी ताण फार नव्हता. एका जागी साचला होता.

हिशोब पुन्हा मांडला. दीड किलोवॉट, ३०० आरपीएम, टॉर्क ४८ न्यूटन मीटरच्या आसपास. १७ मिमीच्या सीटवर (बेअरिंग बसतं तो भाग) पिळाचा ताण ५० एमपीए (मेगापास्कल). तेवढ्यावरच मी समाधान मानलं होतं. पण पुली बेअरिंगपासून ९० मिमी बाहेर लटकतेय. २५० मिमीची पुली आणि पट्ट्याची ओढ टॉर्कला लागते त्याच्या दीडपट धरली, तर वाकण्याचा ताण १०७ निघतो, आणि तो दर फेऱ्याला उलटतो. त्यात २५ वरून १७ वर उतरणारा खांदा मी ०.२ मिमी नोजच्या (टोकाच्या गोलाईच्या) कार्बाइड टिपने काढलेला, म्हणजे कोपरा जवळजवळ तीक्ष्ण. तिथे ताण अडीचपट धरा. मशीन केलेल्या ईएन८ला (मध्यम कार्बनचं स्टील) एवढं लाखो फेरे सोसत नाही.

फिलेट, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, मोठा करू म्हटलं तर ६२०३ बेअरिंग आडवं येतं. त्याच्या आतल्या रिंगेखाली ०.६ मिमीपेक्षा मोठा फिलेट ठेवला तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही. ईएन२४ हे जास्त ताकदीचं स्टील घ्यावं असं बरेच सुचवतील. मला पटत नाही. वाकणं तेवढंच राहणार, कारण कडकपणा सगळ्या स्टीलचा जवळपास सारखाच, आणि जास्त ताकदीचं स्टील अशा कोपऱ्याला आणखी हळवं असतं.

म्हणून थेट २५ ची सीट करायची ठरवली होती. पण मग चावी (पुली शाफ्टवर घसरू न देणारी पट्टी) ८×७ ची, पुलीचं भोक मोठं, हाउसिंगही नवीन. हे लिहिताना समोर पुली पडली आहे, तिचा बॉस (मधला जाड भाग) एका बाजूला पुढे आलेला. ती उलटी बसवली आणि स्पेसर आखूड केला तर पट्टा ५० मिमीवर येतो! मग ६२०४ आणि २० ची सीट पुरते. ताण १०७ वरून ३६ वर, फिलेट १ मिमीचा, चावी ६×६. हाउसिंग ४० वरून ४७ ला बोअर केलं की झालं.

फिलेटसाठी एचएसएसचं (हाय स्पीड स्टील) टूल स्वतः घासलं. हे काम कार्बाइडचं नाही, असं माझं मत आता पक्कं झालंय. चाचणीच्या तुकड्यावर कोपऱ्यातून नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. पाच मिनिटं नुसता तेच करत बसलो होतो.

बार यावेळी टेस्ट सर्टिफिकेट असलेलाच, आणि ब्राइट बार (थंड ओढलेला) नको. चावीचा गाळा पाडला की तो वाकतो. उद्या आधी हाउसिंग बोअर करतो.